पोटात पाणी झालंय: शोध, औषधं आणि घरची वही

चार वर्षांपूर्वी भाऊबीजेला गावी गेले तेव्हा दादा सोप्यात बसून पायजम्याची नाडी सैल करत होता. कमरेवर नाडीचा वळ उमटला होता, तांबूस आणि चांगला खोल. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, बघा की. जेवण निम्म्यावर आलंय आणि पोट मात्र सुटत चाललंय." मेडिकल वॉर्डात सिस्टर म्हणून माझी ३१ वर्षं गेली. असली पोटं मी शेकड्यांनी पाहिली होती. पण त्या दिवशी मी ओवाळायला आलेली बहीण होते. "चालणं कमी झालंय, साखरही आहे, वजन वाढणारच," एवढं बोलून मी विषय सोडला. पुढचे पाच आठवडे दादा गॅसच्या गोळ्या खात राहिला. ते पाच आठवडे मला अजून टोचतात. दुसऱ्या कुणाच्या घरात ते वाया जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

गोळ्यांचे डोस आणि तपासण्यांचे आकडे पुढे दिले आहेत ते तुम्हाला चिठ्ठी वाचता यावी, ओपीडीत नेमका प्रश्न विचारता यावा म्हणून. डोस ठरवायचा तो डॉक्टरांनीच.

गॅस, चरबी की पाणी

गॅसचं पोट दिवसात कमीजास्त होतं. सकाळी हलकं, जेवल्यावर तट्ट. पाण्याचं पोट उतरत नाही, आठवड्यागणिक वाढतच जातं. चरबी वाढली तर ती चेहऱ्यावर, दंडावर, मानेवरही दिसते. पाणी झालेल्या माणसाचे दंड उलट वाळत जातात, गालफडं बसतात, कानशिलाजवळ खड्डे पडतात आणि पोट तेवढं पुढे येतं. बाईमाणसाच्या बाबतीत ब्लाउज ढगळ व्हायला लागतो आणि परकराची नाडी मात्र पुरत नाही. हे दोन्ही एकाच वेळी दिसलं तर थांबू नका.

आणखी खुणा म्हणजे बेंबी सपाट होते किंवा बाहेर येते. उताणं झोपवलं की दोन्ही कुशी फुगून बाहेर पडतात. चार घासांत पोट भरतं. आडवं झालं की दम लागतो, म्हणून माणूस उशीवर उशी ठेवायला लागतो. पावलावर अंगठा दाबून धरला तर खड्डा पडतो आणि तो लवकर भरत नाही.

डॉक्टर पोटावर बोट ठेवून त्यावर दुसऱ्या बोटानं ठोकतात. गॅसवर ढोलासारखा आवाज येतो, पाण्यावर बद्द. मग कुशीवर वळायला सांगतात. पाणी खाली सरकतं आणि बद्द आवाजाची जागाही बदलते. पण हाताला असं कळायला साधारण दीड लिटर पाणी साठावं लागतं. सोनोग्राफीत शंभरेक मिलिलिटरही दिसतं. म्हणून शंका आली की सोनोग्राफी, आणि ती त्याच आठवड्यात. दादाची केली तेव्हा पोटात सात-आठ लिटर असेल असा डॉक्टरांचा अंदाज होता.

पाणी येतं कुठून

पोटातलं पाणी हा स्वतः आजार नव्हे. आजार दुसरीकडे असतो आणि पाणी त्याची खबर घेऊन येतं. त्यामुळे "पाण्यावर औषध द्या" एवढ्यावर समाधान मानू नका. "पाणी कशामुळे झालं?" हा प्रश्न डॉक्टरांना विचारा आणि उत्तर कागदावर लिहून घ्या.

सगळ्यात जास्त वेळा कारण निघतं यकृताचं, म्हणजे लिव्हर सिरोसिसचं. आतड्यांकडून येणारं सगळं रक्त एका मोठ्या शिरेतून यकृतात जातं. यकृत निबर झालं की त्या रक्ताला वाट मिळत नाही. दादाला मी त्याच्याच उसाच्या रानातलं उदाहरण दिलं होतं: पाटाचं तोंड गाळानं बुजलं की पाणी मागं तुंबतं आणि बांधावरून पाझरायला लागतं. तसंच इथं. त्यात यकृत निकामी होत गेलं की रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी होतं, आणि पाणी शिरांमध्ये धरून ठेवणारी ताकदच घटते. शिवाय शिरा सैलावल्यामुळे मूत्रपिंडांना वाटतं की शरीरात रक्तच कमी पडलंय. मग ती मीठ सोडेनाशी होतात. मीठ थांबलं की पाणीही थांबतं. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा, घरचा निम्मा उपचार त्यावरच उभा आहे.

सिरोसिस म्हटलं की लोक दारूच धरून चालतात. माझा भाऊ माळकरी. चहाशिवाय त्याला व्यसन नाही. पण तपासणीला जाईल तिथं पहिला प्रश्न, "किती वर्षं घेताय?" एका ठिकाणी तर त्यानं नाही म्हटल्यावर समोरचा माणूस वहिनींकडे वळून म्हणाला, "बाई, तुम्ही तरी खरं सांगा." दादा त्या दिवशी गाडीत गावापर्यंत एक शब्द बोलला नाही. त्याचं कारण होतं १८ वर्षांचा मधुमेह आणि यकृतात साठत गेलेली चरबी. फॅटी लिव्हर म्हणून सोनोग्राफीच्या रिपोर्टात जी एक ओळ येते आणि आपण ती वाचून फाइल मिटतो, ती काही जणांत पुढे इथपर्यंत येते. हिपॅटायटिस बी आणि सी हीसुद्धा मोठी कारणं आहेत. त्यांची रक्ततपासणी झालीच पाहिजे, कारण सी बहुतेकांचा तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो आणि बी औषधांनी ताब्यात राहतो. या दोन्हींची तपासणी आणि औषधं २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत. दारूच कारण असेल तर ती पूर्ण सोडल्यावर काही महिन्यांत पाणी नाहीसं झालेली माणसं मी वॉर्डात पाहिली आहेत. म्हणून पिणाऱ्या माणसाला "आता काय उपयोग" असं कुणी म्हणू नये.

आपल्याकडे दुसरं मोठं कारण टीबी. पोटाच्या आतल्या अस्तराला टीबी झाला की संध्याकाळचा ताप, भूक जाणं, वजन घटणं आणि पाणी. हे निदान चुकू नये असं मला फार वाटतं, कारण हा बरा होणारा आजार आहे. साधारण सहा महिने औषधं, सरकारी दवाखान्यात मोफत, आणि पाणी जातं. एका तरुण मुलीच्या पोटात पाणी होतं आणि सीए १२५ ही तपासणी वाढलेली आली, तेव्हा तिच्या आईनं अंडाशयाचा कॅन्सर समजून वॉर्डात टाहो फोडला होता. निघाला टीबी. पोटात कोणत्याही कारणानं पाणी झालं तरी सीए १२५ वाढू शकतं, त्यामुळे एकट्या त्या आकड्यावर काही ठरवू नका. पण अंडाशय, जठर, स्वादुपिंड, आतडं यांच्या कॅन्सरनंही पाणी होतं हे खरं, म्हणून शोध पूर्ण करायचाच.

बाकीची कारणं थोडक्यात सांगते. हृदय कमजोर पडणं किंवा हृदयाभोवतीचं आवरण जाड होणं, मूत्रपिंडातून प्रथिन वाहून जाणं, स्वादुपिंडाची सूज, यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरांत रक्ताची गुठळी. डेंगीत पोटात थोडं पाणी दिसतं ते वेगळं, डेंगी ओसरला की ते आपोआप शोषलं जातं. आणि जुन्या सिस्टर सांगायच्या ते पुण्याकडच्या लहान मुलांचं सिरोसिस: कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेलं दूध पाजल्यामुळे तांबं यकृतात साठायचं. १९८० च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या कामातून त्याचा उलगडा झाला, घरात स्टील आलं आणि तो आजार जवळपास दिसेनासा झाला.

सुईला घाबरू नका

"पोटाला सुई लागली की माणूस जगत नाही." हे वाक्य मी ३१ वर्षं ऐकलं. खरं असं की पूर्वी फार उशीर झाल्यावर सुई लागायची आणि दोष सुईच्या माथी यायचा. सुश्रुतानंसुद्धा जलोदरात बेंबीच्या खाली डाव्या अंगाला छेद घेऊन नळीनं पाणी काढायला सांगितलंय, सगळं एकाच वेळी काढू नका आणि नंतर पोट कापडानं आवळून बांधा असंही सांगितलंय. आजही बहुतेक वेळा डाव्या बाजूलाच खाली सुई घालतात.

पहिल्यांदा पाणी आढळलं की त्यातलं थोडं काढून तपासलंच पाहिजे. सोनोग्राफी झाली म्हणून हे टाळायचं नाही. आधी लघवी करून यायची, जागा बधिर करतात, वीस-तीस मिलिलिटर सिरिंजमध्ये ओढतात. दहा मिनिटांचं काम. सिरोसिसमध्ये प्लेटलेट कमी असतात, म्हणून घरचे घाबरतात. बहुतेकांत तेवढ्यावरून हे थांबवावं लागत नाही.

दादाचं पाणी फिकट पिवळं होतं, उन्हात धरलेल्या गवती चहासारखं, आरपार दिसणारं. गढूळ असेल तर जंतूंची शंका, दुधासारखं असेल तर लसिकेची नळी गळते आहे अशी, आणि लालसर असेल तर कॅन्सरचाही विचार करावा लागतो. पण नुसत्या रंगावर कुणी निदान करत नाही.

त्याच दिवशी रक्तही द्यायचं असतं. हे पुष्कळदा राहून जातं. रक्तातल्या अल्ब्युमिनमधून पाण्यातलं अल्ब्युमिन वजा करतात. उत्तर १.१ किंवा जास्त आलं तर यकृताच्या शिरेतला दाब वाढलेला आहे, म्हणजे सिरोसिस किंवा हृदय यांकडे बोट जातं. १.१ पेक्षा कमी आलं तर टीबी, कॅन्सर, स्वादुपिंड, मूत्रपिंड यांचा विचार करतात. दादाचं रक्तात २.६ होतं आणि पाण्यात ०.८. फरक १.८. एवढ्या साध्या वजाबाकीनं आमची दिशा ठरली. रिपोर्ट हातात आल्यावर हे दोन आकडे शोधा, दोन्हींपैकी एक नसेल तर विचारा.

पाण्यातल्या पांढऱ्या पेशी मोजतात. त्यातल्या न्यूट्रोफिल एका घन मिलिमीटरला २५० किंवा जास्त असतील तर पाण्यात जंतुसंसर्ग झालाय असं धरून लगेच अँटिबायोटिक सुरू करतात, कल्चरची, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीची, वाट बघत नाहीत. टीबीसाठी एडीए ही पाण्याची तपासणी आणि इतर तपासण्या, कॅन्सरच्या पेशींसाठी सायटॉलॉजी. सिरोसिस ठरलं की दुर्बीण घालून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिराही बघून घ्यायच्या, कारण त्या फुटल्या तर रक्ताची उलटी होते. दादाच्या निघाल्या, आणि वेळीच बांधल्या गेल्या.

मिठाची डबी

आता स्वयंपाकघर. दिवसाला २ ग्रॅम सोडियमच्या आत ठेवा असं आहारतज्ज्ञ सांगतात. २ ग्रॅम सोडियम म्हणजे ५ ग्रॅम मीठ, चहाचा एक सपाट चमचा. यात दूध, भाज्या, डाळी यांतलं मूळचं सोडियमही धरलेलं असतं, म्हणून आम्ही वरून घालायचं मीठ पाऊण चमचा ठरवलं.

वहिनींनी त्याची युक्ती काढली ती मी नंतर कित्येकांना सांगितली. कुंकवाची एक जुनी स्टीलची डबी होती. रोज सकाळी चहाआधी त्या पाऊण चमचा मीठ मोजून तिच्यात घालतात. घरातली भाजी, आमटी फोडणीला टाकून शिजवायची ती बिनमिठाची. दादापुरती वाटीत बाजूला काढायची आणि मग बाकीच्यांसाठी मीठ घालायचं. दादा ताटावर बसला की डबीतलं मीठ चिमटीनं वरून घेतो. वरून घेतलेलं मीठ जिभेला आधी लागतं, त्यामुळे थोडंही पुरतं. रात्री डबी रिकामी झाली की झाली, बरणीकडे हात न्यायचा नाही. काही दिवस तर डबीत मीठ उरतं आणि ते वहिनी मला फोनवर कौतुकानं सांगतात.

भाकरी तशीही बिनमिठाची असते, तिनं आम्हाला फार सांभाळलं. चपातीच्या कणकेत मीठ बंद. लिंबू, कोकम, लसूण, जिरं, ओली मिरची, कोथिंबीर यांवर चव भागते. तीन आठवडे अवघड जातात, मग जीभ वळते. खरं मीठ लपलेलं असतं ते पापड, लोणचं, फरसाण, खारे शेंगदाणे, बिस्किटं, पाव, विकतच्या चटण्या यांत. मांसाहार करणाऱ्यांनी सुकट, खारे बोंबील बंद करायचे. खाण्याचा सोडा, पापडखार आणि पाण्यात फसफसणाऱ्या आम्लपित्ताच्या पुड्या यांतही भरपूर सोडियम असतं. पोट जड वाटतं म्हणून घरोघरी हीच पुडी पाजतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

सैंधव चालतं का, हे मला सगळे विचारतात. सैंधवही मीठच आहे, सोडियम तेवढंच. डबीत मोजून घातलं तर चालेल, वेगळी सूट नाही.

आणि एक इशारा आमच्या घरावर बेतलेला. दुसऱ्या महिन्यात पुतण्यानं शहरातून कमी सोडियमचं मीठ आणलं. त्याच्या मनात काळजीच होती. पुडा बरणीत ओतला गेला आणि मला मिरजेत कळलंच नाही. तीन आठवड्यांत दादाच्या मांड्यांतलं बळ गेलं, जिन्याच्या दोन पायऱ्या चढवेनात. रक्तात पोटॅशियम ६.१. त्या मिठात सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेलं असतं आणि दादाची स्पायरोनोलॅक्टोनची, म्हणजे लघवी वाढवणारी, गोळी पोटॅशियम शरीरात धरून ठेवते. दोन्ही एकत्र आलं. पोटॅशियम असं वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावू शकतो. दोन रात्री आम्ही मॉनिटरसमोर बसून काढल्या. ही गोळी चालू असेल तर ते मीठ घरातच आणू नका, आणि शहाळ्याचं पाणीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज पाजू नका.

उलट बाजूनंही चूक होते. मीठ अजिबात बंद केलं की जेवण बेचव लागतं, माणूस जेवणच सोडतो आणि अंगातलं मांस उतरतं. यकृताच्या रुग्णाला उपासमार मिठाइतकीच घातक आहे. पाण्याचंही तसंच. "पोटात पाणी झालंय, पाणी कमी द्या," असं सांगून उन्हाळ्यात माणसाला कोरडं ठेवतात. रक्तातलं सोडियम १२५ च्या खाली गेलं तरच सहसा पाणी मोजून द्यावं लागतं. एरवी तहानेपुरतं प्यावं.

प्रथिनं बंद करा हा सल्ला जुना झाला. आता साठलेलं पाणी वजा करून जे वजन राहतं त्याच्या प्रत्येक किलोला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं सांगतात. दादाचं ते वजन ६०, म्हणजे निदान ७२ ग्रॅम. माळकऱ्याच्या ताटात हे कसं बसवायचं? अर्धा लिटर दूध १६ ग्रॅम, शंभर ग्रॅम बिनमिठाचं पनीर १८ ते २०, दोन वाट्या घट्ट वरण १४, पन्नास ग्रॅम सोयाबीन वडी २५. जुळतं.

दादाचा खरा झगडा एकादशीचा होता. सिरोसिसमध्ये यकृतात साखरेचा साठा राहत नाही. रात्रीच्या जेवणापासून सकाळच्या चहापर्यंतचा उपास त्या शरीराला निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासासारखा जातो आणि शरीर स्वतःचं मांस जाळायला लागतं. म्हणून झोपताना काहीतरी खायचंच, दूध-पोहे, दूध-भाकरी, काहीही. आणि निरंकार एकादशी बंद. चाळीस वर्षांचं व्रत मी बहीण म्हणून मोडू शकले नसते. शेवटी दिंडीतल्या विणेकरी बुवांनी त्याला समजावलं, "औषध म्हणून घ्यायचं, पांडुरंग रागावत नाही." आता एकादशीला तो चार वेळा राजगिऱ्याच्या लाह्या दुधातून घेतो, दुपारी पनीर, आणि रात्री अकराला पुन्हा दूध. साबुदाणा वडा, उपासाचा चिवडा बंद.

गोळ्या आणि वजनकाटा

लघवी वाढवून पाणी उतरवणाऱ्या गोळ्यांची सुरुवात सहसा स्पायरोनोलॅक्टोन १०० मिलिग्रॅमनं होते, जोडीला फ्युरोसेमाइड ४०. गरजेप्रमाणे डॉक्टर हळूहळू वाढवत ४०० आणि १६० पर्यंत नेतात. गोळ्या सकाळी घ्यायच्या, नाहीतर रात्रभर लघवीला उठणं आणि अंधारात पडणं. पुरुषांत स्पायरोनोलॅक्टोननं छातीत गाठ येऊन दुखतं. लाजून गोळी बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, दुसरी गोळी असते.

वजन रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाआधी, त्याच बंडी-पायजम्यावर. आमचा काटा देवघराबाहेर भिंतीशी ठेवलेला असतो, जमीन सपाट आहे म्हणून तिथंच. आकडा दादा स्वतः शंभर पानी वहीत लिहितो. पायावर सूज नसेल तर दिवसाला अर्धा किलो, सूज असेल तर एक किलोपर्यंत उतरलेलं चालतं. त्याहून भराभर उतरलं तर आनंद मानू नका, मूत्रपिंडांवर ताण येतो. उलट दोन-तीन दिवसांत दोन किलो चढलं तर मीठ कुठून गेलं ते शोधा आणि फोन करा. सुरुवातीला आठवड्या-दोन आठवड्यांनी रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासायचंच. दादाचं वजन ७४ होतं. अकराव्या आठवड्यात ६२ झालं तेव्हा नाडीला पुन्हा जुनी गाठ बसली.

गुडघा दुखला, अंग ठणकलं तरी मेडिकलमधून आणलेली दुखऱ्याची गोळी नको. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड या जातीच्या गोळ्या लघवीच्या गोळ्यांचा परिणाम मारतात आणि मूत्रपिंड बसवतात. सर्दी-तापाच्या मिश्र गोळीतही त्या लपलेल्या असतात. पॅरासिटामॉल चालतं, दिवसाला २ ग्रॅमच्या आत, डॉक्टरांना विचारून. दादाची रक्तदाबाची टेल्मिसार्टन गोळीही बंद केली, म्हणून आधीपासून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून दाखवायला न्या. "जलोदरावर रामबाण" म्हणून मिळणारी चूर्णं, काढे लांब ठेवा. करोनाच्या काळात गुळवेलीच्या काढ्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले होते. यकृत आधीच दुखावलेलं असताना हा जुगार नको.

पाणी काढावं लागलं तर

पोट इतकं ताणलं की श्वास पुरत नाही, किंवा गोळ्यांनी भागेनासं झालं, तर मोठ्या प्रमाणात पाणी काढतात. दादाला हे तीनदा लागलं. पाच लिटरपेक्षा जास्त काढायचं असेल तर शिरेतून अल्ब्युमिन देतात, काढलेल्या प्रत्येक लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम. १०० मिलिलिटरच्या २० टक्केवाल्या बाटलीत २० ग्रॅम असतं. म्हणजे सात लिटरला दोन-तीन बाटल्या. महाग आहे, म्हणून काही ठिकाणी नातेवाईकच नको म्हणतात. ते न देता भरपूर पाणी काढलं की रक्ताभिसरण कोसळतं आणि मूत्रपिंडांना फटका बसतो. खर्च जमत नसेल तर तसं आधी सांगा, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर सरकारी आरोग्य योजनेची चौकशी करा, थोडं पाणी काढून काम भागतंय का ते डॉक्टरांना विचारा. पाणी काढल्यावर छिद्रातून थोडं पाझरतं, दुसऱ्या कुशीवर झोपवलं की सहसा थांबतं. दुसऱ्या दिवशीही पाझरत असेल तर कळवा.

पाणी काढणं हा मोकळा श्वास आहे, मूळ आजार तिथंच असतो. मीठ आणि गोळ्या सांभाळल्या नाहीत तर ते परत भरतं.

त्याच रात्री दवाखाना

ताप किंवा थंडी, पोटात दुखणं, नेहमीपेक्षा कमी लघवी, काळी डांबरासारखी शी, रक्ताची उलटी, बेंबीवरची कातडी पातळ होऊन फुटणं, झोपेतून नीट जागं न होणं. यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. पाण्यात जंतुसंसर्ग झाला तरी काही वेळा ताप येत नाही, नुसता माणूस मलूल होतो.

डोक्यावर होणारा परिणाम सगळ्यात चोरपावलांनी येतो. गेल्या वर्षी श्रावणात वहिनींनी मला वहीच्या पानाचा फोटो पाठवला. दादाचं अक्षर म्हणजे शाळेत बक्षीस मिळवलेलं. त्या दिवशी ६१ चा १ रेषेखाली घसरला होता, तारीख दोनदा लिहिली होती आणि दुसरी उलट्या क्रमानं. बोलताना तो ठीक वाटत होता. दोन दिवस त्याला परसाकडे झालं नव्हतं. बद्धकोष्ठ झालं की आतड्यातली विषारी द्रव्यं यकृत गाळू शकत नाही आणि ती मेंदूपर्यंत जातात. आम्ही त्याच संध्याकाळी नेलं. लॅक्टुलोजचं औषध आणि एनिमा यांनी दुसऱ्या दिवशी तो सावरला. आता दिवसातून दोन-तीन वेळा सैल शौच होईल इतकं लॅक्टुलोज रोज असतं. वहिनी रोज वही बघतात ती आकड्यासाठी कमी आणि अक्षरासाठी जास्त.

पाणी झालं म्हणजे यकृताचा आजार पुढच्या टप्प्यात गेला, हे कुणीतरी घरच्यांना स्पष्ट सांगायला हवं. यकृतरोपणाचा विषय त्याच वेळी काढा, माणूस खंगल्यावर शस्त्रक्रिया पेलत नाही. घरातला दाता असेल तर त्याच्या तपासण्या होतात, नसेल तर रोपण करणाऱ्या रुग्णालयामार्फत मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत नाव लागतं. आमची तपासणी झाली आहे, सध्या गोळ्यांवर दादा स्थिर आहे म्हणून थांबलोय, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी ही रक्ततपासणी, कारण अशा यकृतात कॅन्सरची गाठ धरू शकते. पुढची तारीख आषाढीनंतरच्या सोमवारची आहे. फाइल, औषधांच्या पट्ट्या आणि वही पिशवीत भरून खुंटीला लावून ठेवली आहे.